कोठीचा पंखा: मुंबईच्या दमट हवेत बसवायचा कसा, चालवायचा कधी

वाशीच्या दाणाबाजारात, भिवंडीच्या गोदामांत, उपनगरांतल्या पिठाच्या आणि डाळीच्या गिरण्यांत आता धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या सर्रास दिसतात आणि बहुतेक कोठ्यांना धान्यातून हवा खेळवून ते थंड ठेवणारा पंखाही असतो. तरीही पावसाळ्यानंतर कोठी उघडली की तळाचा हातभर गहू काळा पडलेला निघतो. दोष बहुतेक वेळा पंख्याचा नसतो. कोणी तो चोवीस तास चालू ठेवलेला असतो, कोणी उलटा फिरवलेला असतो, कोणी बंद केल्यावर त्याचं तोंड उघडंच सोडलेलं असतं. चौथी चूक जिवावर बेतते: पंख्याची किंवा धान्य बाहेर काढणाऱ्या खालच्या स्क्रूची वीज कुलूपबंद न करता माणूस आत उतरतो.

पुढचा हिशेब ५ मीटर व्यासाच्या आणि ६ मीटर उंचीपर्यंत गहू भरलेल्या कोठीचा आहे. कोठी लहान-मोठी असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा १: खरेदीआधी हिशेब

कोठीचं आकारमान काढा: ३.१४ × २.५ × २.५ × ६, म्हणजे सुमारे ११८ घनमीटर. गहू घनमीटरला साधारण ७७० किलो भरतो, म्हणून कोठीत ९० टन.

साठवलेलं धान्य थंड ठेवायला टनामागे मिनिटाला ०.१ घनमीटर हवा पुरते, असा सर्वसाधारण हिशेब आहे. एवढ्या हवेत पूर्ण कोठी एकदा थंड व्हायला सुमारे १५० तास लागतात. मुंबईत पंखा चालवण्याजोगे तास मोजके मिळतात, त्यामुळे इथे दुप्पट धरावं: टनामागे ०.२. वेळ निम्मा होतो, सुमारे ७५ तास. आपल्या कोठीला मिनिटाला १८ घनमीटर हवा लागेल, म्हणजे सेकंदाला ०.३ घनमीटर.

आता दाब. ६ मीटर गव्हातून एवढी हवा वर ढकलायला, नळी आणि जाळीतला अडथळा धरून, ५० ते ६० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब लागतो. १ मिलिमीटर म्हणजे ९.८ पास्कल, म्हणून ६० मिलिमीटर म्हणजे जवळपास ५९० पास्कल. ०.३ × ५९० = १७७ वॅट. पंख्याची कार्यक्षमता निम्मी धरली तर ३५५ वॅट. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर काठावर बसते, १ अश्वशक्तीची निवांत चालते.

दुकानदार ३ किंवा ५ अश्वशक्तीचा ब्लोअर गळ्यात मारायला बघतो. मोठ्या पंख्याने धान्य बिघडतंच असं नाही, पण वीजबिल वाढतं, आवाज वाढतो आणि चुकीच्या वेळी चालला तर तो ओलही तितक्याच जोरात भरतो.

पंखा सेंट्रिफ्युगल घ्या, म्हणजे हवा मधून ओढून कडेने जोरात फेकणारा, मागे वळलेल्या पात्यांचा. भिंतीत बसवतात तसला एक्झॉस्ट पंखा एवढ्या दाबापुढे टिकत नाही. त्याची पाती फिरतात, हवा मात्र जागची हलत नाही. विक्रेत्याकडून फक्त 'इतकी हवा' हा आकडा घेऊ नका. ६० मिलिमीटर दाबाला किती हवा, ते पंख्याच्या आलेखावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

> तपासणी: हा पंखा ओलं धान्य वाळवणारा नाही. वाळवायला टनामागे मिनिटाला सुमारे १ घनमीटर हवा लागते, म्हणजे आपल्या पंख्याच्या पाचपट. १५ टक्के ओलाव्याचा गहू 'पंखा आहे ना' म्हणून भरू नका. कोठीत जाताना ओलावा १२ टक्के किंवा कमीच हवा.

टप्पा २: जागा आणि सामान

पंखा जमिनीवर ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी तुमच्या आवारात पाणी कुठवर चढलं होतं ते जुन्या माणसांना विचारा आणि चौथरा त्या खुणेच्या वर घ्या. पाणी कधीच भरत नाही अशा जागीही ४५ ते ६० सेंटिमीटरचा चौथरा हवाच.

हवा आत घेणारं तोंड गटार, डिझेल फोर्कलिफ्टची वाट, पिठाच्या धुळीचा निकास आणि भिंत यांपासून दूर हवं. भिंतीपासून निदान १ मीटर मोकळं अंतर ठेवा.

खाऱ्या हवेत साध्या लोखंडी आवरणाला दोन पावसाळ्यांत भोकं पडतात. गॅल्व्हनाइज्ड किंवा इपॉक्सी रंगाचं आवरण घ्या, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. मोटर पूर्ण बंद आवरणाची, आयपी ५५ दर्जाची (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण असलेली). उघड्या मोटरीत धूळ आणि ओल एकत्र साचून वाइंडिंग जळतं आणि धान्याच्या धुळीजवळ ठिणगी उडाली तर गोष्ट मोटरीवर थांबत नाही.

काम सुरू करण्याआधी हे हाताशी असू द्या:

- पंखा, रबराचे कंपनरोधक पॅड, १२ मिलिमीटरचे चार फाउंडेशन बोल्ट
- पंखा आणि नळी यांच्यामध्ये बसवायला जाड कॅनव्हासचा जोड
- २२.५ सेंटिमीटर व्यासाची नळी (या मापात हवेचा वेग सेकंदाला साडेसात मीटर राहतो, १० च्या वर जाऊ देऊ नये)
- रबरी गॅस्केट असलेली सरकती झडप
- पावसाची टोपी आणि आत हात जाणार नाही अशी जाळी
- हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारा), लांब सळईचा धान्याचा थर्मामीटर, ओलावामापक
- दोन मीटर पारदर्शक प्लास्टिक नळी आणि एक फूटपट्टी (दाबमापक यातूनच बनतो)
- कुलूप आणि 'माणूस काम करतोय' अशी पाटी

टप्पा ३: आधी कुलूप, मग हात

रिकाम्या कोठीत काम असलं तरी मालउतार स्क्रू, कन्व्हेयर आणि जुना पंखा यांचे मेन स्विच बंद करून प्रत्येकाला कुलूप लावा. किल्ली आत उतरणाऱ्याच्याच खिशात. नुसतं स्टार्टरचं लाल बटण दाबणं म्हणजे बंद करणं नव्हे. टायमर किंवा दुसरा माणूस यंत्र केव्हाही चालू करू शकतो. फ्यूज काढून टेबलावर ठेवणं हाही उपाय नाही, कोणीतरी 'पडला वाटतं' म्हणून परत बसवतो.

वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करायचं असेल तर कोठी पूर्ण रिकामी, झाडलेली आणि पुसलेली हवी. तुळयांवर बसलेली बोटभर धूळ उडाली की तिचा स्फोट होऊ शकतो. अग्निशामक हाताशी ठेवा. जमेल तिथे बोल्टच वापरा.

टप्पा ४: तळाची जाळी

पूर्ण तळ जाळीचा असेल तर उत्तम. हवा सगळीकडे सारखी चढते. जाळीची भोकं गव्हाला साधारण २.४ मिलिमीटर, आणि उघडा भाग एकूण पृष्ठभागाच्या निदान १० ते १५ टक्के. जाळीखालच्या आधारांत काटकसर नको. ६ मीटर गहू दर चौरस मीटरला साडेचार टनांच्या घरात भार टाकतो. थोडा भार भिंती घर्षणाने उचलतात हे खरं, पण आधार पूर्ण भारासाठीच बांधावेत. मधोमध खचलेली जाळी भरलेल्या कोठीत दुरुस्त होत नाही.

जाळीदार नळ्या टाकणार असाल तर दोन गोष्टी मोजा. नळीतून धान्यात शिरताना हवेचा वेग सेकंदाला ०.१५ मीटरहून जास्त नको, म्हणजे आपल्या ०.३ घनमीटर हवेला जाळीचा निदान २ चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. दोन नळ्यांमधलं अंतर धान्याच्या उंचीपेक्षा जास्त नको. एकच नळी मधून नेऊन काम भागवलं की कडेचा गहू वर्षभर हवेविना राहतो.

पंख्याची नळी शक्यतो जाळीखालच्या काँक्रीटच्या चौथऱ्यातून आत न्या. कोठीचा पत्रा कापावाच लागला तर उभ्या पट्ट्यांना हात लावू नका आणि भोकाभोवती चौकट बसवा. पन्हाळी पत्र्याच्या बोल्टेड कोठीत भोक कुठे पाडायचं ते कोठी बनवणाऱ्याला विचारूनच. अंदाजाने कापलेली भिंत भरणीच्या वेळी फुगते.

छपरालाही तोंडं हवीत. मिनिटाला ३०० घनमीटर हवेला १ चौरस मीटर, हा हिशेब. आपल्या १८ घनमीटरला २५ × २५ सेंटिमीटरचं एक तोंड पुरतं, पण दोन ठेवा, कारण एक कबुतरं बुजवतातच. ६ मिलिमीटरची जाळी लावा आणि दर महिन्याला झटका.

टप्पा ५: पंखा बसवणं

हवा खालून वर ढकलायची की वरून खाली ओढायची, यावर वाद घालणारे भेटतात. मुंबईत ढकलावीच. ओढणारा पंखा छपराखालची तापलेली हवा धान्यातून खाली आणतो आणि छपराची तोंडं बुजली तर पत्राच आत ओढतो. ढकलणाऱ्या पंख्याचा आणखी एक फायदा आहे. हवा दाबली जाताना आणि मोटरीच्या उष्णतेने साधारण १ अंशाने तापते, त्यामुळे तिची सापेक्ष आर्द्रता चार-पाच टक्क्यांनी उतरते. इथल्या हवेत एवढीही सवलत मोलाची.

क्रम असा:

१. चौथऱ्यावर बोल्ट ओतून काँक्रीट निदान सात दिवस मुरू द्या.
२. पॅड ठेवून पंखा पाणसळीत बसवा. नट एकदम न आवळता तिरप्या जोड्यांनी आवळा.
३. पंख्याच्या तोंडाशी लगेच काटकोनी वळण देऊ नका. आधी सरळ नळी, मग माप बदलायचं तर निमुळता जोड. काटकोनामुळे दाबाचा मोठा हिस्सा तिथेच खर्च होतो.
४. कॅनव्हासचा जोड, मग सरकती झडप, मग कोठी. झडप पूर्ण बंद होते का ते आतून टॉर्च मारून बघा, उजेड दिसता कामा नये.
५. हाताने पातं फिरवा. आवरणाला घासत असेल तर वीज जोडू नका.
६. टोपी आणि जाळी लावा. जाळी काढून 'फक्त पाच मिनिटं' पंखा चालवायचा नाही, चाचणीलाही नाही.

टप्पा ६: वीज

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं. त्याने काय केलं ते मात्र तुम्हाला कळायला हवं.

मोटर थ्री फेज घ्या. १ अश्वशक्तीला ४१५ व्होल्टवर दोन अॅम्पिअरच्या आसपास करंट लागतो. ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा) मोटरीच्या पाटीवरच्या आकड्यावरच लावायचा. 'वारंवार उडतो' म्हणून रिलेचा काटा वर सरकवला की पुढच्या वेळी रिले उडत नाही, मोटर जळते. सोबत फेज फेल्युअर संरक्षण (एक फेज गेली की मोटर बंद करणारं), ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि पंख्याजवळ नजरेत राहील असा, कुलूप लागणारा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच). पॅनेल बाहेर असेल तर आयपी ६५. केबल खालून आत येऊ द्या आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल.

मोटरीच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थिंगच्या जोडण्या हव्यात. पत्र्याची कोठी आणि नळीसुद्धा अर्थ करा. पाण्याच्या पाइपाला गुंडाळलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे.

स्टार्टर असा हवा की वीज गेल्यावर तो सुटेल आणि वीज आल्यावर आपोआप लागणार नाही. साध्या डीओएल (मोटर थेट लाइनवर चालू करणाऱ्या) स्टार्टरमध्ये ही सोय असते, पण टायमर जोडताना वायरमन ती बायपास करतो. वीज घालवून आणि परत आणून स्वतः तपासा.

टप्पा ७: रिकाम्या कोठीत चाचणी

सगळ्यात फसवी चूक इथे पकडता येते. सेंट्रिफ्युगल पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते, फक्त बरीच कमी येते. हात लावून 'हवा येतेय' असं म्हणून पुढे गेलेल्या कोठ्या वर्षानुवर्षं उलट्या चालतात. बटण क्षणभर दाबून सोडा आणि पंखा थांबत असताना फिरण्याची दिशा आवरणावरच्या बाणाशी ताडा. उलट असेल तर कोणत्याही दोन फेजच्या तारा आलटून-पालटून जोडा. वीज कंपनीने बाहेर केबल बदलली किंवा आवारातलं पॅनेल हललं, तर ही तपासणी पुन्हा करा.

मग दाबमापक बनवा. पारदर्शक नळी 'यू' आकारात फळीवर बसवा, निम्मी पाण्याने भरा, एक तोंड जाळीखालच्या हवेच्या जागेत सोडा, दुसरं उघडं ठेवा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे दाब. रिकाम्या कोठीतला आकडा लिहून ठेवा, भरल्यावरचाही. हे दोन आकडे पुढे डॉक्टरच्या थर्मामीटरसारखे कामी येतात.

> तपासणी: मोटरीचा करंट पाटीपेक्षा जास्त नाही ना? बेअरिंगजवळ हात ठेववतो ना? नळीच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे येत नाहीत ना? तिन्हींचं उत्तर समाधानकारक असेल तरच भरणी.

टप्पा ८: भरणी

धान्य चाळूनच भरा. फुटका दाणा, कोंडा आणि माती पडताना मधोमध जमते, आणि हवा तो घट्ट गाभा टाळून कडेने निघून जाते. म्हणून भरणी झाल्यावर खालून मधला एक-दोन टन माल काढून घ्या, चाळा आणि परत वर टाका. वरचा ढीग सपाट करा. टोकदार ढिगाच्या माथ्यावर उंची जास्त असल्याने हवा तिथे पोचत नाही आणि बुरशी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. सपाट करायचं काम वरून लांब फावड्याने करा, आत उतरून नाही.

टप्पा ९: पंखा कधी चालवायचा

यंत्र नीट बसलं, तरी खरा घोळ इथेच होतो. पंखा कोरडी हवा तयार करत नाही, बाहेरची हवा आत नेतो. गहू त्या हवेशी जुळवून घेतो. २५ ते ३० अंशांत ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत तो १२ टक्के ओलाव्याकडे झुकतो, ७० टक्क्यांत साडेतेराकडे, ८० टक्क्यांत साडेपंधरा-सोळाकडे, ९० टक्क्यांत अठराच्या पुढे. म्हणून जुलैत चोवीस तास पंखा लावणारा मालक वीज खर्चून गहू भिजवत असतो.

नियम दोन, आणि दोन्ही एकाच वेळी लागू:

- बाहेरची हवा धान्यापेक्षा निदान ५ अंशांनी थंड हवी.
- पंख्याच्या तोंडाशी आर्द्रता ७५ टक्क्यांहून कमी हवी.

मोबाइलवरची आर्द्रता कुलाबा किंवा सांताक्रूझची असते, तुमच्या गल्लीची नाही. हायग्रोमीटर पंख्याजवळ, सावलीत टांगा. तो खरं सांगतो का ते घरच्या मिठाने तपासा: वाटीत मीठ घेऊन ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, वाटी आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात दहा-बारा तास ठेवा. काटा ७५ वर यायला हवा. ८० दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक वाचनातून ५ वजा करा.

*एप्रिल-मे.* उत्तरेकडून आलेला नवा गहू तापलेलाच उतरतो. दाणा ३८ अंश आणि रात्रीची हवा २८ अंश असेल तर पंखा लावा. आर्द्रता थोडी वर असली, ८० पर्यंत, तरी या वेळी चालते. थंड हवा गरम दाण्याजवळ पोचून तापते आणि कोरडी होते. थंडाव्याचा पट्टा कोठीतून झपाट्याने वर सरकतो, ओलीचा पट्टा मात्र खूप हळू. थंडाव्याचा पट्टा वर पोचला की थांबायचं, हे यातलं मर्म. वरच्या थरात सळई खुपसून रोज वाचन घ्या. तापमान उतरून स्थिर झालं की झालं. पुढे चालू ठेवलात तर ओल तळातून वर चढायला लागते.

*पावसाळा.* मुंबईत मान्सूनचं सर्वसाधारण आगमन ११ जूनला, परतीचा प्रवास ८ ऑक्टोबरच्या सुमारास. या काळात झडप बंद, पंख्याच्या तोंडावर घट्ट आवरण. ते उघडं राहिलं तर कोठी चिमणीसारखी ओढ धरते, पंखा बंद असतानाही दमट हवा आणि किडे आत जातात. पंधरवड्यातून एकदा, पावसाने उघडीप दिलेल्या दुपारी आर्द्रता उतरली की दहा-पंधरा मिनिटं पंखा लावा आणि छपराच्या तोंडाशी नाक न्या. कुबट वास आला तर आत कुठेतरी धान्य तापतंय. अशा वेळी नियम बाजूला ठेवून पंखा चालू ठेवावा लागतो, कारण तापलेला गाभा ओलीपेक्षा वाईट. तो माल आधी बाहेर काढायची तयारी मात्र त्याच दिवशी सुरू करा.

*ऑक्टोबर.* घाई नको. दुपारची हवा कोरडी असली तरी गरम असते आणि पहाटे दव पडतं.

*डिसेंबर ते फेब्रुवारी.* वर्षातले सोन्याचे तास. सांताक्रूझला जानेवारीत पहाटेचं तापमान सरासरी १७ अंशांपर्यंत उतरतं, भिवंडीकडे आणखी खाली. रात्री दहा ते सकाळी सात, आर्द्रता ७५ च्या आत असेल तेवढेच तास. ७५ तास पुरे व्हायला दहा-बारा रात्री लागतात, मध्ये खंड पडला तरी बिघडत नाही. धुकं असेल त्या रात्री बंद.

निवासी भागात रात्री दहा ते सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजारच्या खिडकीखाली ब्लोअर लावलात तर तक्रार ठरलेली. टोपीला आतून आवाजशोषक अस्तर लावा, नाहीतर पंख्याचं तोंड रस्त्याच्या बाजूला वळवा.

अपेक्षाही बेताची ठेवा. सोंडकिड्यांची वाढ २० अंशांखाली मंदावते आणि १५ च्या आसपास जवळपास थांबते. मुंबईत धान्य १५ अंशांपर्यंत आणणं नुसत्या पंख्याने जमत नाही. पंखा तापमान सारखं ठेवतो, छपराखाली घाम धरू देत नाही, गाभा तापू देत नाही. किडीसाठी धुरी वेगळी लागते.

टप्पा १०: धुरी आणि पंखा

अॅल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी सरकारमान्य कीडनियंत्रकाकडूनच. तुमच्याकडे तीन कामं राहतात. आधी पंखा, झडप आणि छपराची तोंडं पक्की सील करा. या धुरीतून निघणारा फॉस्फिन वायू तांबं खातो, म्हणून स्टार्टर आणि मोटरीचा जोडपेटीचा भागही झाका किंवा हलवा. धुरी चालू असताना आयसोलेटरला कुलूप. कोणी पंखा लावला तर वायू थेट शेजाऱ्यांच्या घरात जाईल. मुदत संपल्यावर आवार मोकळं करून, शेजारी खिडक्या बंद करायला सांगून पंखा लावा. मोजमापात फॉस्फिन ०.३ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग) खाली आल्याशिवाय कोणी जवळ जायचं नाही. लसणासारखा वास गेला म्हणजे वायू गेला, हा समज घातक आहे. गोळ्यांवर पाणी पडलं तर आग लागू शकते, तेव्हा गळकी कोठी धुरीला घ्यायचीच नाही.

कोठीत उतरायचंच झालं तर

भरलेल्या कोठीत खालून माल निघत असताना माणूस चार-पाच सेकंदांत अडकतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पूर्ण गाडला जातो. कंबरेपर्यंत रुतलेला माणूस दोघांनी दोरीने ओढूनही निघत नाही. वरून घट्ट दिसणारी पपडी आतून पोकळ असू शकते. तिच्यावर पाय ठेवायचा नाही, बाहेरून लांब बांबूने फोडायची.

उतरण्याआधी: सर्व स्विचांना कुलूप, पंख्याने हवा खेळवून मग पंख्यालाही कुलूप, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांहून जास्त आणि फॉस्फिन ०.३ पीपीएमच्या आत असल्याची मीटरने खात्री, अंगात हार्नेस आणि वर बांधलेली दोरी, कोठीच्या तोंडाशी एक माणूस जो कुठेही हलणार नाही. कोणी अडकलं तर मालउतार थांबवा, १०१ ला फोन करा, आत हवा जावी म्हणून पंखा चालू करा. वाचवायला दुसऱ्याने आत उडी मारायची नाही.

बिघाड ओळखताना

दाबमापकाचा आकडा नेहमीपेक्षा जास्त आणि वरून हवा कमी: जाळी बुजली आहे, धान्य दबलं आहे किंवा मधला गाभा कोंड्याने भरला आहे.

दाब कमी, हवाही कमी: पंखा उलटा फिरतोय, झडप अर्धवट उघडी आहे किंवा पात्यांवर धूळ बसली आहे. पंखा हवा जोरात ओढतोय पण दाब कमी असेल तर पंख्यापासून जाळीपर्यंत कुठेतरी गळती आहे, ऐकूनच सापडते.

पंखा थरथरतो: पात्यांवर एका बाजूने मळ बसला आहे किंवा फाउंडेशनचा नट सैल झाला आहे. कुलूप लावून साफ करा. मिठाच्या हवेत बेअरिंगचा आवाज आधी येतो, मग मोटर जाते, म्हणून दर पावसाळ्याआधी ग्रीस आणि पावसाळ्यानंतर वाइंडिंगचा इन्सुलेशन रोध मेगरने (तो रोध मोजायच्या मीटरने) तपासा. तो १ मेगाओहमच्या खाली असेल तर मोटर वाळवल्याशिवाय चालू करू नका.

आरसीसीबी सारखा उडतो: जोडपेटीत ओल शिरली आहे. आरसीसीबी काढून टाकणारा वायरमन बदला, आरसीसीबी नाही.